ब्राउझरचा सांधा कोण बदलतो?

घाटकोपर किंवा मुलुंड स्थानकावरून कल्याणपलीकडे जाणाऱ्या लोकलने तुमच्यापैकी पुष्कळांनी प्रवास केला असेल. कल्याणनंतर रुळांना दोन फाटे फुटतात. एक फाटा कसाऱ्याकडे जातो आणि दुसरा कर्जतकडे. गाडी कोणत्या फाट्याला लागणार हे प्रवासी ठरवीत नाहीत, मोटरमनही ठरवीत नाही. ते रुळांच्या सांध्यावर ठरते. सांधा ज्या बाजूला बसविलेला असेल, त्या बाजूला गाडी वळते.

इंटरनेटवरचा प्रवासही असाच असतो. आपण ब्राउझरमध्ये एखादा पत्ता लिहितो आणि क्षणार्धात पान समोर येते. त्या क्षणात अनेक सांधे ओलांडले जातात, पण आपल्याला ते दिसत नाहीत. समजा, यांपैकी एखादा सांधा कोणी गुपचूप बदलून ठेवला, तर काय होईल? ब्राउझर सुरू करताच कधी न पाहिलेले मुखपृष्ठ येईल. नेहमीच्या शोधयंत्रावर प्रश्न विचारावा, तर उत्तरे भलत्याच शोधयंत्राची मिळतील. आपण सर्व पूर्ववत केले, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार! असे करणाऱ्या आज्ञावलीला ‘ब्राउझर हायजॅकर’ म्हणतात. विमानाचे अपहरण करणारा जसा विमान न मोडता फक्त त्याची दिशा बदलतो, तसाच हाही संगणक मोडत नाही. तो फक्त तुमची दिशा बदलतो.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. पण अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचा निकाल, शिष्यवृत्तीची माहिती या सर्व गोष्टी आज ब्राउझरमधूनच पाहिल्या जातात. घरात संगणक बहुधा एकच असतो. त्यावर तुम्ही अभ्यास करता, तुमची धाकटी बहीण चित्रे पाहते आणि वडील बँकेचे व्यवहार करतात. सांधा एकाच्या हातून बदलला जातो आणि गाडी सर्वांचीच चुकते. म्हणून हा प्रकार ओळखावा कसा, निस्तरावा कसा आणि मुळात टाळावा कसा, हे क्रमाने पाहू.

हायजॅकरला यातून मिळते काय?

ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पाने मागवून ती वाचण्याजोग्या रूपात मांडणारी आज्ञावली. मराठीत तिला ‘न्याहाळक’ असा एक चांगला शब्द आहे. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लिहिला. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढे या जाळ्यावर जाहिरातींचा मोठा व्यापार उभा राहिला आणि त्याच्या मागोमाग हायजॅकरही आले.

शोधयंत्राच्या पानावर जाहिराती असतात. त्या पानाकडे जितके लोक वळवावेत, तितका पैसा वळविणाऱ्याला मिळतो. एका माणसाकडून मिळणारी रक्कम अगदी क्षुल्लक असते, पण माणसे लाखोंनी असली की थेंबाथेंबाने तळे साचते. म्हणूनच हायजॅकर विषाणूप्रमाणे फायली पुसून टाकण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. यजमान जिवंत राहिला, तरच परजीवीचे पोट भरते!

परंतु जो दिशा बदलू शकतो, तो पुष्कळ काही पाहूही शकतो. तुम्ही काय शोधता, कोणत्या पानावर जाता, क्वचित कोणता पासवर्ड लिहिता, हेही त्याच्या नजरेखालून जाऊ शकते. शिवाय वळविलेल्या शोधपानावर बँकेचा किंवा गॅस कंपनीचा म्हणून खोटा दूरध्वनी क्रमांकही दाखविता येतो. तेथून पुढे फसवणूक फार दूर नसते.

२०१७ सालचा ‘फायरबॉल’

या प्रकाराचा आपल्या देशाशी निकटचा संबंध आहे. १ जून २०१७ रोजी ‘चेक पॉइंट’ या संगणक-सुरक्षेचे काम करणाऱ्या कंपनीने ‘फायरबॉल’ नावाच्या हायजॅकरची माहिती प्रसिद्ध केली. बीजिंगमधील ‘राफोटेक’ नावाच्या जाहिरात कंपनीने तो पसरविल्याचे तिने म्हटले होते. जगभरात सुमारे २५ कोटी संगणक त्याच्या तावडीत सापडले असून त्यांपैकी २ कोटी ५३ लाख, म्हणजे सर्वांत जास्त, भारतात आहेत असा तिचा अंदाज होता. फायरबॉल एकटा येत नसे. फुकट मिळणाऱ्या एखाद्या उपयोगी आज्ञावलीच्या गठ्ठ्यात तो बांधलेला असे. ती आज्ञावली बसविताना ‘पुढे, पुढे’ असे बटण दाबत गेले की हाही आत शिरे आणि मुखपृष्ठाच्या जागी स्वतःचे शोधयंत्र बसवी. त्याला हवी ती दुसरी आज्ञावली तुमच्या संगणकावर उतरविण्याची ताकदही त्याच्यात होती. ही गोष्ट सर्वांत धोक्याची.

या कथेचा उत्तरार्धही महत्त्वाचा आहे. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने असे म्हटले की, हा आकडा फुगलेला आहे. कारण चेक पॉइंटने बाधित संगणक प्रत्यक्ष मोजले नव्हते. फायरबॉलच्या शोधपानांना किती संगणकांनी भेट दिली, त्यावरून अंदाज बांधला होता. पानाला भेट देणारा प्रत्येक संगणक बाधित असतोच असे नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कोणताही मोठा आकडा वाचला की पहिला प्रश्न हाच विचारावा: प्रत्यक्षात मोजले काय आणि त्यावरून अनुमान कशाचे काढले?

पत्त्यापासून पानापर्यंत पाच सांधे

आता आपण पत्ता लिहिल्यापासून पान येईपर्यंतच्या वाटेवर चालत जाऊ. सोयीसाठी या वाटेचे पाच सांधे मानू.

पहिला सांधा ब्राउझरच्या स्वतःच्या सेटिंग्जचा. सुरू होताच कोणते पान उघडायचे, प्रश्न कोणत्या शोधयंत्राकडे पाठवायचा, हे तेथे नोंदलेले असते. पडद्यावरच्या ज्या चिन्हावर दोनदा टिचकी मारून आपण ब्राउझर उघडतो, त्या चिन्हामागेही एक आज्ञा लिहिलेली असते. त्या आज्ञेच्या शेपटाला कोणी एखादा पत्ता चिकटविला, तर सेटिंग्ज कितीही वेळा सुधारा, ब्राउझर त्याच पत्त्यावर उघडतो.

दुसरा सांधा एक्स्टेंशनचा. एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला जोडलेली लहानशी पुरवणी. कोणी शब्दाचा अर्थ दाखविते, कोणी जाहिराती गाळते. पण काम करण्यासाठी बहुतेकींना तुम्ही पाहता ती पाने वाचण्याची परवानगी लागते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचे एक्स्टेंशन सुमारे २० लाख लोक वापरीत होते. वापरात नसलेली पाने निजवून संगणकाची स्मृती वाचविणे हे त्याचे काम. २०२० साली मूळ कर्त्याने ते दुसऱ्या कोणाला विकले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक आज्ञा असल्याच्या कारणावरून गूगलने ते आपल्या दुकानातून काढून टाकले. एक्स्टेंशन तेच, नाव तेच. मालक मात्र बदलला होता. आज चांगले असलेले एक्स्टेंशन उद्याही चांगलेच राहील असे नाही, हा यातला धडा.

तिसरा सांधा संगणकाच्या कार्यप्रणालीत असतो. ‘होस्ट्स’ नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये ‘अमुक नावासाठी अमुक क्रमांकाकडे जा’ असे लिहून ठेवता येते. तसेच सर्व रहदारी एखाद्या मध्यस्थ संगणकातून, म्हणजे ‘प्रॉक्सी’तून, न्यावी अशी आज्ञाही तेथे देता येते. या जागी केलेला बदल एका ब्राउझरपुरता राहत नाही. त्या संगणकावरचे इतर ब्राउझरही चुकीच्या वाटेला लागतात.

चौथा सांधा नामसेवेचा, म्हणजे डीएनएसचा. इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला क्रमांक असतो. आपण लिहितो ते नाव. नावावरून क्रमांक शोधून देणारी सेवा म्हणजे जणू एक प्रचंड टेलिफोन डिरेक्टरीच. या डिरेक्टरीतल्या भारतीय विभागाचा इतिहास अंधेरीकर मुलांच्या अगदी जवळचा आहे. ‘डॉट इन’ ही अक्षरे १९८९ साली भारताला मिळाली, तेव्हा त्या नावांची नोंदवही सांभाळण्याचे काम जुहू येथील ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ या संस्थेकडे आले. ती संस्था पुढे ‘सी-डॅक’मध्ये विलीन झाली आणि नोंदवहीचे काम २००५ पासून ‘निक्सी’ ही संस्था पाहू लागली.

घरातील राउटर किंवा संगणक कोणत्या नामसेवेला विचारावे हे ठरवितो. ते उत्तर बदलले की काय होते, हे ‘डीएनएसचेंजर’ने दाखवून दिले. एस्टोनियातील एका टोळीने १०० हून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांना स्वतःच्या खोट्या डिरेक्टरीकडे वळविले आणि जाहिरातींतून किमान १ कोटी ४० लाख डॉलर मिळविले. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने हा कट उघडकीस आणला. पण एक गंमतीदार अडचण उभी राहिली. खोट्या डिरेक्टऱ्या एकदम बंद केल्या असत्या, तर त्यांवर अवलंबून असलेल्या लाखो निरपराध लोकांचे इंटरनेटच बंद पडले असते! म्हणून त्यांच्या जागी खऱ्या डिरेक्टऱ्या बसवून त्या ९ जुलै २०१२ पर्यंत चालविल्या गेल्या आणि दरम्यान लोकांना आपापले संगणक दुरुस्त करण्यास सांगण्यात आले.

पाचवा सांधा ओळखपत्राचा. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ असते, तेव्हा समोरचे संकेतस्थळ आपले प्रमाणपत्र दाखविते. ते विश्वासू संस्थेने दिलेले आहे की नाही, हे ब्राउझर स्वतःजवळच्या यादीवरून तपासतो. आता त्या यादीतच कोणी एक तोतया संस्था घुसविली तर? लेनोवो कंपनीच्या २०१४ च्या उत्तरार्धातील काही लॅपटॉपांवर ‘सुपरफिश’ नावाची जाहिरातींची आज्ञावली कारखान्यातूनच बसविलेली येत असे आणि तिने नेमके हेच केले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झाले आणि कंपनीला ती काढून टाकण्याचे साधन द्यावे लागले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘एचटीटीपीएस’चा अर्थ एवढाच की, तुम्ही आणि ते संकेतस्थळ यांच्यामधले बोलणे तिसऱ्याला कळत नाही. ते संकेतस्थळ प्रामाणिक आहे असा त्याचा अर्थ नव्हे. ठगालाही प्रमाणपत्र फुकट मिळू शकते. पत्त्याशेजारच्या कुलुपाच्या चित्रामुळे लोकांचा हाच गैरसमज होई. म्हणून क्रोम ब्राउझरने २०२३ साली ते चित्रच बदलले.

शोध कसा घ्यावा?

ब्राउझर बिघडला की बहुतेक जण एकदम दहा गोष्टी करतात. हे काढ, ते बसव, संगणक बंद कर, पुन्हा चालू कर. कधी कधी बिघाड जातोही, पण तो कशाने गेला हे कळत नाही. मग पुन्हा आला की पुन्हा दहा गोष्टी!

प्रयोगशाळेत आपण असे करीत नाही. विजेच्या मंडलातील दिवा पेटत नसेल, तर आपण घट, तार, कळ आणि दिवा एकेक करून तपासतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सर्व तशाच ठेवायच्या, हा प्रयोगाचा मूलमंत्र. तोच येथे लावू.

आधी वही घ्या. केव्हा, कोणत्या ब्राउझरमध्ये, काय लिहिल्यावर कोणते पान आले, हे लिहून ठेवा. त्याच्या एक-दोन दिवस आधी कोणती नवी आज्ञावली किंवा एक्स्टेंशन बसविले होते, तेही आठवून लिहा. त्यानंतर पुढील चाचण्या क्रमाने करा. चाचण्या चालू असताना त्या संगणकावर कोणताही पासवर्ड लिहू नका.

१. संगणक घरच्या वायफायवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. बाकी काही बदलू नका. बिघाड नाहीसा झाला, तर दोष राउटरमध्ये असण्याचा संभव मोठा. खात्रीसाठी तोच मोबाइल वायफायवर घेऊन पाहा. त्यावरही भलते पान आले, तर राउटरवरचा संशय पक्का झाला.

२. बिघाड कायम राहिला, तर दोष संगणकात आहे. आता त्याच संगणकावर दुसरा ब्राउझर उघडा. विंडोजमध्ये ‘एज’ आधीपासून असतोच. दोन्ही ब्राउझरांत एकच लक्षण दिसले, तर प्रॉक्सी, होस्ट्स फाइल किंवा एखादी बसविलेली आज्ञावली यांच्याकडे पाहा. लक्षण एकाच ब्राउझरात असले, तर दोष त्या ब्राउझरापुरता आहे.

३. त्या ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा. आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल, तर तिच्यात एक्स्टेंशने चालत नाहीत. तेथे सर्व सुरळीत असेल, तर अपराधी बहुधा एखादे एक्स्टेंशन आहे. मग सर्व एक्स्टेंशने बंद करून एकेक चालू करीत जा. ज्याच्याबरोबर बिघाड परत येईल, तेच ते.

४. खाजगी खिडकीतही बिघाड असेल, तर मुखपृष्ठ आणि शोधयंत्र यांची सेटिंग्ज पाहा. चिन्हावर उजवी टिचकी मारून गुणधर्म उघडा आणि त्यातील आज्ञेच्या शेवटी एखादा पत्ता चिकटलेला नाही ना, हे तपासा. घरच्या संगणकावर ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ अशी ओळ ब्राउझरच्या मेनूत दिसली, तर सावध व्हा. शाळेच्या संगणकावर ती रास्त आहे. घरच्या संगणकावर ती कोणी आणली, याचा शोध घेतला पाहिजे.

पहिली चाचणी राउटरचीच का घेतली? कारण ती सांध्यांचे दोन गट पाडते: संगणकाबाहेरचे आणि संगणकाच्या आतले. दुसरी चाचणी आतल्या गटाचे पुन्हा दोन भाग करते. प्रत्येक चाचणीने संशयितांची संख्या घटत जाते, म्हणून तीन-चार चाचण्यांत आपण दोषाच्या अगदी जवळ येतो.

सोंगे ओळखा

प्रत्येक त्रास हायजॅकरचाच असतो असे नाही. दोन सोंगे नेहमी आढळतात.

पडद्याच्या कोपऱ्यात सतत जाहिराती उगवत असतील, तर बहुधा कोणा संकेतस्थळाला ‘सूचना पाठविण्यास परवानगी द्या’ या प्रश्नावर कोणीतरी ‘होय’ म्हटलेले असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सूचनांची यादी असते. तेथे जाऊन अनोळखी नावांची परवानगी काढून घेतली की त्रास थांबतो.

दुसरे सोंग अधिक भीतिदायक असते. अचानक सर्व पडदा व्यापून ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा’ अशी पाटी येते आणि भोंगा वाजू लागतो. ही पाटी म्हणजे निव्वळ एक पान असते. खरी संगणक कंपनी असा क्रमांक दाखवून फोन करायला सांगत नाही. घाबरू नका, फोन करू नका. ब्राउझर सक्तीने बंद करा आणि पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू नका. आजी-आजोबांनाही हे सांगून ठेवा. या सोंगाला बळी पडणाऱ्यांत वडीलधारी मंडळी पुष्कळ असतात.

सफाईचा क्रम

दोष सापडला की संशयित एक्स्टेंशन काढून टाका. त्यानंतर बसविलेल्या आज्ञावलींची यादी तारखेप्रमाणे लावा आणि बिघाड सुरू झाला त्या सुमारास आलेली अनोळखी आज्ञावली काढा. एखादे नाव ओळखीचे नसेल, तर काढण्यापूर्वी घरातील मोठ्यांना किंवा शिक्षकांना विचारा. मग ब्राउझरची सेटिंग्ज मूळ स्थितीवर आणा. क्रोममध्ये असे केल्याने एक्स्टेंशने बंद होतात, पण खुणेची पाने आणि साठविलेले पासवर्ड पुसले जात नाहीत. शेवटी प्रतिविषाणू आज्ञावलीने संपूर्ण तपासणी करा. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ आधीच दिलेला असतो. शिवाय भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. तेथे सफाईची साधने विनामूल्य मिळतात.

दोष राउटरमध्ये असेल, तर तो मूळ स्थितीवर आणून त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. हे काम मोठ्यांच्या मदतीने करावे.

सफाई झाल्यावर महत्त्वाचे पासवर्ड बदला, पण ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून. आधी ई-मेलचा बदला, कारण बाकीच्या बहुतेक पासवर्डांची किल्ली तेथेच असते. पैशांची फसवणूक झाली असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. संगणकात घातक आज्ञावली कपटाने घुसविणे हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ नुसार त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सुरक्षित ब्राउझर कोणता?

हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात आणि एका नावाची अपेक्षा करतात. पण नावापेक्षा निकष लक्षात ठेवणे बरे. नावे बदलतात, निकष टिकतात.

लोकप्रियता हा निकष नव्हे. ‘यूसी ब्राउझर’ एके काळी भारतातील मोबाइलांवर अतिशय लोकप्रिय होता. मे २०१५ मध्ये टोरांटो विद्यापीठातील ‘सिटिझन लॅब’ या संशोधनगटाने दाखविले की, लोक शोधीत असलेले शब्द तो सांकेतिक रूप न देता उघडेच पाठवीत होता. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत त्याचाही समावेश होता.

मग पाहावे काय? पहिले म्हणजे सुधारणा वेळेवर येतात का. ब्राउझरमध्ये उणिवा सापडतच राहतात. त्या किती लवकर बुजविल्या जातात, यावर सुरक्षितता अवलंबून असते. क्रोमची मोठी आवृत्ती २०२१ पासून सुमारे दर चार आठवड्यांनी येत आली आहे आणि मधल्या काळात लहान दुरुस्त्या येतात. याउलट मायक्रोसॉफ्टने ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ १५ जून २०२२ रोजी निवृत्त केला. जुन्या संगणकावर तो अजून दिसला, तरी वापरू नये.

दुसरे, ब्राउझरच्या पोटातले इंजिन कोणते आहे. क्रोम, एज, ब्रेव्ह आणि ऑपेरा यांचा पाया ‘क्रोमियम’ हा एकच आहे. फायरफॉक्सचे इंजिन ‘गेको’ आणि सफारीचे ‘वेबकिट’. क्रोमियम आणि फायरफॉक्स यांची मूळ आज्ञावली सर्वांना वाचण्यास खुली आहे, त्यामुळे तिच्यातील दोष बाहेरचे तज्ज्ञही शोधू शकतात. एखादा अनोळखी ब्राउझर ‘सर्वांत वेगवान, सर्वांत सुरक्षित’ म्हणून स्वतःची जाहिरात करीत असेल, तर त्याच्या पोटात जुनेच इंजिन बिनदुरुस्त पडून नाही ना, हा प्रश्न विचारावा.

तिसरे, ब्राउझर कोठून घेतला. तो निर्मात्याच्या मूळ संकेतस्थळावरून किंवा अधिकृत ॲप-दुकानातूनच घ्यावा. शोधयंत्राच्या पानावर सर्वांत वर दिसणारा दुवा पुष्कळदा जाहिरात असतो. उत्तम ब्राउझर वाईट दुकानातून घेतला, तर त्याच्या गठ्ठ्यात काय बांधलेले असेल ते सांगता येत नाही.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण त्याला काय जोडतो. एक्स्टेंशने जितकी कमी, तितके बरे. शब्दकोशाच्या एक्स्टेंशनला ‘सर्व संकेतस्थळांवरील सर्व माहिती वाचण्याची व बदलण्याची’ परवानगी कशाला हवी, असे स्वतःला विचारावे. शक्य असेल तेथे बँकेच्या कामासाठी एक वेगळा, एकही एक्स्टेंशन नसलेला ब्राउझर ठेवावा.

पाचव्या सांध्याचा विचार आपल्या देशातही चालू आहे. विश्वासू संस्थांची यादी ब्राउझर बनविणारा ठरवितो आणि मोठे ब्राउझर बहुतेक परदेशी आहेत. भारताची स्वतःची मूळ प्रमाणपत्र-संस्था ज्याच्या यादीत असेल असा ब्राउझर बनविण्यासाठी सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये तिचा निकाल लागला आणि ‘झोहो’ कंपनीला १ कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. मात्र देशी असो वा परदेशी, वरचे चार निकष सर्वांना सारखेच लावले पाहिजेत.

वर्गात करून पाहा

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग सुचवितो. शाळेच्या संगणककक्षात तीन-चार संगणकांवर निरुपद्रवी ‘बिघाड’ मुद्दाम करून ठेवावेत. एकावर मुखपृष्ठ शाळेच्या संकेतस्थळाऐवजी दुसरे ठेवावे, दुसऱ्यावर शोधयंत्र बदलावे आणि तिसऱ्यावर चिन्हाच्या आज्ञेपुढे एखादा पत्ता जोडावा. चौथ्यावर काहीच करू नये! मुलांचे गट पाडून त्यांना फक्त लक्षण सांगावे. प्रत्येक गटाने कोणती चाचणी घेतली, काय दिसले आणि त्यावरून कोणती शक्यता बाद झाली, हे तीन रकान्यांत लिहावे. कमीत कमी चाचण्यांत जो बरोबर उत्तर काढील, त्या गटाला शाबासकी द्यावी. चौथ्या संगणकावर ‘येथे बिघाड नाही’ असे कारणांसह सांगणाऱ्या गटाला मात्र थोडी जास्त द्यावी, कारण नसलेला दोष नाही असे पुराव्याने म्हणणे हे अधिक कठीण काम आहे.